शंभर मोहरा आणि थोडं विरजण

एकदा एका मध्यम नगरातले माग एकेक करून बंद पडू लागले. नगर ना खेडं, ना राजधानी. तरुण विणकर राजधानीची वाट धरत आणि मागे राहत नुसती कुलुपं. तिथल्या कारभाऱ्याचा जीव तीळतीळ तुटे. त्याच्या लहानपणी विणकर आळीत असा खटखटाट चाले, की शेजाऱ्याला हाक मारायची तरी घसा ताणावा लागे! ते दिवस परत यावेत म्हणून त्याने दवंडी पिटवली: जो विणकर कुटुंबासह येऊन राहील, त्याला घर फुकट आणि वर शंभर मोहरा.

आले की लोक! मोहरांना कोण नाही म्हणतो? चाळीस कुटुंबं आली. करार वर्षाचा होता. वर्ष भरताच एकोणचाळीस निघून गेली. चाळिसावंही गाडी भरतंय हे कळलं, तेव्हा कारभारी धावतच आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला.

"गुरुजी, आता मोहरा दुप्पट करतो. हे घर गेलं, तर आळी कायमची गेली."

"आधी माझ्याबरोबर चल," गुरू म्हणाले आणि त्यांनी फळीवरची रिकामी वाटी उचलली.

विणकराच्या दारात गाडी भरून उभी होती. गुरूंनी वाटी पुढे केली. "बाई, दुधाला लावायला थोडं विरजण मिळेल का?"

कारभारी शरमेने अर्धा झाला. निघालेल्या माणसाकडे काय मागायचं! पण विणकराच्या बायकोने नवऱ्याला गाडीचा आवळलेला दोर सोडायला लावला, गाठोड्यातून गाडगं काढलं. वाटीत विरजण घालताना तिचे डोळे भरून आले. "वर्ष झालं, बाबा. या दारात काही मागायला आलेले तुम्ही पहिलेच."

परतताना कारभाऱ्याने विचारलं, "गुरुजी, आपल्याकडे विरजण नव्हतं?"

"होतं की. शिंक्यात गाडगंभर दही टांगलंय." गुरू हसले, मग गंभीर झाले. "अरे, तू त्यांना घर दिलंस, मोहरा दिल्यास. चांगलंच केलंस, पोटाला ते लागतंच. पण नुसतं घेत राहिलेला माणूस पाहुणाच राहतो, आणि पाहुणा कधीतरी निघतोच. आपल्यावाचून इथे कुणाचं तरी अडतं, हे कळल्याशिवाय परकं गाव आपलं वाटत नाही."

कारभाऱ्याला आई आठवली. घरात काही संपलं, की ती त्याला शेजारी पिटाळायची. तो चार घरं हिंडून, चार जणींची बोलणी आणि लाडू खाऊन परतायचा. ती चारही घरं आता बंद होती. त्याला हुंदका आवरेना. तो तसाच मागे वळला.

गाडीला बैल जुंपून झाले होते. "ताई," तो म्हणाला, "बुधवारी माझ्या नातीचं बारसं आहे. पाळणा म्हणायला आळीत बायकाच उरल्या नाहीत हो. तुम्ही याल का?"

ती पुढे आली. "मला आमच्याकडचे पाळणे येतात. चालतील?"

"चालतील काय, धावतील!"

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "बैल सोडा."

विणकराने बैल सोडले. मग तो गाडीवरचं सामान उतरवू लागला. मागाचं जड लाकूड एकट्याला पेलेना, तेव्हा त्याने कारभाऱ्याकडे पाहिलं. "जरा हात लावता का?"

कारभाऱ्याने उपरणं कमरेला बांधलं आणि दुसरं टोक धरलं.