बाभळीची रागीट परी

रखरखपूर नावाचं एक राज्य होतं. तिथं ऊन एवढं, की सावलीसुद्धा सावली शोधत फिरायची. त्या राज्याच्या पार टोकाला, जिथं रस्त्यालाही पुढं जायचा कंटाळा येतो, तिथं एका खोपटात हौसा नावाची पोर आईबरोबर राहायची. आई लोकांची दळणं दळायची, हौसा लोकांच्या शेळ्या राखायची. शेळ्या लोकांच्या, दूध लोकांचं, आणि हौसाच्या वाट्याला शिळी चतकोर भाकरी, वर "काय गुणी पोर आहे" एवढं कौतुक. गुणी म्हणजे काय, ते ऐका. कुणी हिच्या पायावर पाय दिला तर हिनंच विचारायचं, तुम्हाला लागलं का हो. असलं कौतुक चुलीत घाला. कौतुकानं पोट भरत असतं, तर राजा दोंदेराव लाडू कशाला खात बसले असते?

परी कुठं आहे म्हणून चुळबुळ करू नका. येईल. आधी झाड तर उगवू द्या.

शेळ्या दिवसभर बाभळीच्या शेंगा खायच्या आणि मग गोठ्यात रवंथ करता करता बिया थुंकून टाकायच्या. एकदा गोठा झाडताना हौसाला असलंच एक बी सापडलं. गुळगुळीत, तपकिरी, चकचकीत, जणू बाहुलीचा इवलासा डोळा. तिनं ते खोपटासमोरच्या माळावर पेरलं, भोवती दगडांचं चिमुकलं आळं केलं आणि ती हात धुतलेलं पाणी तिथंच ओतू लागली.

राजाचा माळी गोंदाजी हे बघून पोट धरून हसला. म्हणाला, बाभळीला पाणी घालणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय, आता दगडाला खत घाल. पण बाभूळ काही लाडावलेलं लेकरू नाही. घोटभर पाणी प्यायली, मुळं खोल खोल खाली धाडली आणि वर हिरवे हिरवे तुरे काढले. पानं इतकी बारीक, की मुंगीनं पंखा म्हणून घ्यावीत. पानांच्या बाजूला पांढरेशुभ्र काटे. बघता बघता ती हौसाच्या डोक्याच्या वर गेली. सुगरण पाखरांनी तिच्यावर घरटी टांगली. आणि मग फुलं आली. पिवळीधमक, गोल गोल, मऊ मऊ, जणू सूर्यानं आपल्या झग्याचे गोंडे काढून इथं वाळत घातलेत.

त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नाही. गवत गेलं, झुडपं गेली. शेळ्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. हिरव्या राहिल्या त्या फक्त माळावरच्या बाभळी. आणि नेमकं तेव्हाच राजा दोंदेरावांना आंब्याची हौस आली. लांबून कलमं आणवली. कलमांना शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून काटेरी कुंपण हवं. मग काय, राज्यातली एकेक बाभूळ तोडली आणि फांद्या ओढत नेल्या. आंब्याला वाचवायला बाभूळ मारायची. शेळ्या कुंपणाशी का येतात? तर त्यांचं खाणं ह्यांनीच तोडून नेलं म्हणून. एवढं साधं गणित राजाला कळत नाही, आणि डोक्यावर मुकुट मात्र हा एवढा.

शेवटी एकच बाभूळ उरली, हौसाची. एके सकाळी गोंदाजी येऊन सांगून गेला, की कुंपण थोडं अपुरं पडतंय, दुपारनंतर राजेसाहेब स्वतः येणार, झाड मुळापासून निघणार. हौसाचे डोळे भरून आले. पण सवयीप्रमाणे तोंडातून शब्द आला, "बरं."

"बरं? बरं काय, बरं?" फांदीवरून एक बारीक, किणकिणता आवाज आला.

एक पिवळा गोंडा थरथरला, फुगला आणि उमलला. आत अंगठ्याएवढी परी. पिवळा झुबकेदार परकर, केसांत सोनेरी पराग, कानांत पांढऱ्या काट्यांचे डूल, पाठीवर बाभळीच्या पानांचे हिरवे झुळझुळीत पंख. आणि नाकाचा शेंडा रागानं लालेलाल.

परीनं आधी आपलीच तक्रार मांडली. सगळ्या गोष्टींत गुलाबाच्या पऱ्या, कमळाच्या पऱ्या. बाभळीच्या परीला कुणी विचारत नाही. अगदी गोष्ट सांगणारेसुद्धा नाहीत, मेले. मग ती हौसाच्या बोटावर बसली आणि मऊ आवाजात म्हणाली, "तू मला पाणी दिलंस, बाळ. तुला तीन इच्छा देते. पण माझ्या इच्छांना नियम आहे. माझ्याकडं रडून मागायचं नाही. रागावून मागायचं."

हौसाला रागवायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. तिनं हात जोडून, मान खाली घालून मागितलं, "परीबाई, जमलं तर झाड वाचवा ना." पहिली इच्छा फुसकन विरली. एक गोंडा तपकिरी होऊन गळून पडला.

मग तिनं राग गोळा केला. लोक आपल्याला शिळं देतात, आपला परकर ठिगळांचा, राजाच्या पोरींचा रेशमी. गाल फुगले. "मला पण रेशमी परकर हवा," ती म्हणाली. तोच पायात काटा रुतला. दुसरी इच्छाही गेली.

परी खाली उतरली. इवल्या इवल्या हातांनी तिनं काटा काढला, दुखऱ्या जागेवर फुंकर घातली. म्हणाली, "तुझा राग खोटा नाही गं. पण माझे काटे बघ. ते माझ्या थाटासाठी नाहीत, कोवळ्या पाल्यासाठी आहेत. राग तसा हवा. आता एकच इच्छा उरली."

एव्हाना दुपार उलटली होती. तेवढ्यात धूळ उडाली. राजा दोंदेराव पालखीतून उतरले. पालखी उचलणाऱ्यांनी हुश्श केलं. झाडाखालच्या विरळ सावलीत ठमी नावाची शेळी आपल्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला चाटत होती. राजा म्हणाला, ही घाण आधी हाकला. एका शिपायानं पिल्लाला काठीनं ढोसलं. पिल्लू लटपटलं, पडलं. गोंदाजीनं कुऱ्हाड उचलली.

आणि हौसाच्या आत काहीतरी कडाडलं. ती झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "राजेसाहेब, हे झाड तुमच्याकडं कधी पाणी मागायला आलं नाही. तुमच्या गाडीचं चाक याच्या लाकडाचं. तुमचं लोणी शेळ्यांच्या दुधाचं, आणि शेळ्या जगल्या याच्या शेंगांवर. तुमच्या कलमांना बाभळीचं कुंपण. मग बाभळीला कुंपण कुणी घालायचं?"

हौसाचे गाल पेटले होते. "माझी इच्छा आहे," ती म्हणाली, "तोडून नेलेली प्रत्येक फांदी आत्ताच्या आत्ता परत यावी आणि आपल्या मातीत उभी राहावी."

लांबून खडखड, खसखस आवाज आला. राजाचं कुंपण उठलं होतं. फांद्या टुणटुण उड्या मारत, कुरकुरत, गुडघे दुखणाऱ्या आजोबांसारख्या माळ चढू लागल्या. राजा पळाला. पण एका फांदीनं जाता जाता त्याचा पितांबर धरला, दुसरीनं शेला, तिसरीनं मुकुट. खाली निघाला पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. शिपाई हसले, आणि हसलो नाही असं दाखवायला खोकले. फांद्यांनी जागा बघून मातीत पाय रोवले, मुळं फुटली, पालवी चमचमली, आणि अख्खा माळ हिरवागार, पिवळाजर्द होऊन गेला.

उन्हात लेंग्यावर उभा राजा घामानं थबथबला. शेवटी हलक्या आवाजात त्यानं विचारलं, पोरी, सावलीत बसू का. हौसा म्हणाली, "बसा. पण कुऱ्हाड उन्हात ठेवा." मग तिनंच त्याला सांगितलं, की कलमांचा काही दोष नाही. वाळून पडलेल्या फांद्या न्या, कुंपण करा. जिवंत फांदीला हात लावायचा नाही. राजानं कान पकडले. गोंदाजीनं न सांगताच पकडले. त्याच दिवशी माळाची राखण हौसाला मिळाली, आणि ठमी व तिचं पिल्लूही तिचंच झालं. संध्याकाळी मायलेकी पहिल्यांदा ताजं दूध प्यायल्या.

परी हौसाच्या खांद्यावर येऊन बसली. तिच्या नाकाचा शेंडा आता गुलाबी झाला होता. तिनं हौसाच्या गालाला गाल लावला. मग ती उजळली, पिवळी, सोनेरी, डोळे दिपवणारी. तो उजेड झाडाझाडांवर सांडला, गोंडा गोंडा दिव्यासारखा लागला, आणि परी त्यातच विरून गेली.

आता झोपा गपगुमान. पण जवळपास कुणी जिवंत झाडावर कुऱ्हाड उचलली, तर मात्र लगेच उठा.