नजरेआडची पथारी

एका राज्यात दुःखी माणूस कोणाला दिसत नसे. राणी वारली, तेव्हा राजा चंद्रकेतूने मांत्रिकाला आज्ञा केली, की यापुढे कोणाचे अश्रू माझ्या दृष्टीस पडू नयेत. मांत्रिकाने मंतरलेली राख वाऱ्यावर सोडली. तेव्हापासून ज्याच्या घरी मरण येई, तो लोकांच्या नजरेआड होई. वर्षभरात कोणी त्याच्याकडे पाहिलेच नाही, तर त्याची नुसती सावली उरे.

गोमती नावाच्या विणकरणीची लेक गेली, त्याला वर्ष व्हायला तीन दिवस उरले होते. राजवाड्याच्या विस्तीर्ण अंगणात जुन्या चीजवस्तूंचा बाजार भरला होता. गोमतीने लेकीचा लाकडी घोडा, वाळे, पोलकी मांडली. लोक तिची पथारी तुडवत गेले. शेजारच्या पिंजऱ्यातला पोपट तेवढा म्हणाला, "बाई, एकाने जरी तुला पाहिले, तरी शाप तुटेल."

पहिल्या दिवशी तिने स्वतः विणलेला लालभडक शेला उंच टांगला. कुठून तरी उडून आला असेल म्हणत एका दुकानदाराने तो घडी घालून नेला. दुसऱ्या दिवशी तिने वाळे वाजवले. वारा सुटला, म्हणत लोक पुढे गेले. तिचे हात कोपरापर्यंत धूसर झाले.

तिसऱ्या दिवशी तिने विकण्याचा नाद सोडला. एक पोलके मांडीवर घेऊन ती आपल्याशीच बोलू लागली. लोकांना वाटले, पोपट बडबडतो आहे. राजा मात्र जाता जाता थबकला.

"चिंचेवर चढली आणि बाही फाडून आली," गोमती म्हणत होती. "मी फार रागावले. मग तिला ताप भरला. मनातून रागावले नव्हते, एवढे सांगायचे राहिले."

राजा खाली बसला.

"माझेही राहिले," तो म्हणाला, आणि त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले.

शाप तुटला. अंगणात जागोजागी माणसे दिसू लागली, आपापल्या पथाऱ्यांपुढे मुकाट बसलेली. जे सावल्या झाले होते, ते काही परतले नाहीत. राजाने भर बाजारात आपली आज्ञा मागे घेतली. मांत्रिक राज्य सोडून गेला.

त्या संध्याकाळी चार शेजारणी गोमतीला घरी घेऊन गेल्या. ओट्यावर तिला मध्ये घेऊन बसल्या. एकीने लेकीचे नाव विचारले.

"कस्तुरा," गोमती म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मोठ्याने रडली.