टिटवी आणि ऐरावत

फार पूर्वीची, म्हणजे चार कॉम्प्युटर आधीची गोष्ट. नदीच्या पुरावर लक्ष ठेवणाऱ्या वेदवतीताई केणी यांच्या कॉम्प्युटरमध्ये ऐरावत आणि टिटवी असे दोन प्रोग्राम राहत. नदीवरच्या यंत्रांनी पाठवलेली माहिती वाचायची आणि ताई विचारतील ते सांगायचं, हे दोघांचं काम.

ऐरावत आधी सगळी माहिती आत घेई, कप्प्यांत लावी आणि मगच तोंड उघडी. टिटवी वाचता वाचता हवं तेवढं टिपे, बाकीचं सोडून देई.

"तुझ्या पोटात काही राहतच नाही," ऐरावत तिला हसे.

एका श्रावणात माहितीचा लोंढाच आला. ताईंनी दोघांना विचारलं, "पाणी पुलाला लागलंय का?"

"थांबा, जरा नीट लावून घेतो," ऐरावत म्हणाला.

"लागलंय," टिटवी म्हणाली.

ताईंनी भोंगा वाजवला. पुलावरची माणसं, म्हशी, पाववाल्याची सायकल, सगळे सुखरूप वर काठावर चढले.

"बरं, वारा किती होता ते सांग," ऐरावतानं कप्पे लावता लावता टिटवीला टोमणा मारला.

"ते कुणी विचारलंच नव्हतं."

यथावकाश पाणी ओसरलं. पुलावर पोरं गळ टाकून बसली. तेव्हा कुठे ऐरावतानं शेवटचा कप्पा लावला, घसा खाकरला आणि गंभीरपणे सांगितलं, "ताई, पाणी पुलाला लागलंय. लोकांना पळायला सांगा."