संत पेत्र शेवटच्या बाकावर

ब्रदर क्लीटस अगदी नवाकोरा मास्तर. अंगात पांढरा झगा, मठातून थेट संत पेत्र शाळेत, सातवीच्या वर्गावर. आणि पहिल्याच आठवड्यात ट्रस्टी मच्याडो साहेब नाकाला रुमाल लावून वर्गात हजर!

"ब्रदर, ही कोळ्यांची पोरं पुढे कशी काय? मासळीचा वास बघा किती मारतोय! ज्यांच्या घरी जाळी, ते सगळे शेवटच्या बाकावर. जमत नसेल तर बॅग भरा."

पोरांनी माना खाली घातल्या, गुपचूप दप्तरं उचलली. ब्रदरच्या डोक्यात नुसती तिडीक गेली! पण तो एवढंच म्हणाला, "सगळे ना? ठीक आहे साहेब."

दुसऱ्या दिवशी संत पेत्राचा सण. साहेब कोट चढवून, भलामोठा हार घेऊन आले, तर शाळेच्या दारातल्या चौथऱ्यावर संताचा पुतळाच नाही! तणतणत वर्गात शिरले. बघतात तर काय, संत पेत्र शेवटच्या बाकावर, कोळ्यांच्या पोरांच्या मधोमध!

"हा काय चावटपणा? आमच्या संताला मागे बसवता?"

"हुकूम तुमचाच, साहेब. प्रभूने हाक मारली तेव्हा हा मासेच धरत होता. घरी जाळी होती. वासही येत असणारच."

बाहेर बँडवाले खोळंबलेले. साहेब पुटपुटले, "बरं, आणा त्याला पुढे."

"एकटा नाही येणार तो. आपली माणसं घेऊनच येईल."

"आणा हो सगळ्यांना!"

पोरांनी पुतळा मिरवत नेऊन चौथऱ्यावर ठेवला, आणि धावत येऊन पहिल्या बाकावर ऐसपैस बसली.