सेवेरिनाच्या बारमधली फळी

करंजमाथ्यावर घोड्यांच्या तळाला लागून सेवेरिनाचा बार आहे. सकाळी मालक काउंटरच्या आत उभा असतो आणि काउंटरमधून आत-बाहेर जायची बिजागरीची फळी खाली पाडलेली असते. पहिल्या गिऱ्हाइकाने ती उचलल्याशिवाय ग्लास भरला जात नाही.

याचे कारण घोडेवाले धाकलू ढेबे आम्हा पेपरवाल्यांना सांगतात. फार पूर्वी सेवेरिनाचा नवरा इनास दारूची पिंपे आणायला घाट उतरला, तो परतलाच नाही. तिने फळी पाडून गावासमोर शपथ घेतली म्हणे, की तो येईपर्यंत ही फळी मी उचलणार नाही. मागे सरळ दरी, पुढे काउंटर. मधल्या चार पावलांत ती रांधायची, निजायची, ग्लास भरायची.

गावाला तिचा अभिमान वाटला, असे सांगतात. मला विचाराल तर गावाला धंदा दिसला. व्रत धरलेली बाई पाहायला माणसे घाट चढू लागली, खानावळी भरल्या. सातव्या वर्षी बातमी आली, की इनासने खाली बंदरावर दुसरा संसार थाटला आहे. मग सेवेरिना येईल त्याला विनवू लागली: मी शपथेने बांधलेय, फळी तुम्ही उचला. कोणी हात लावला नाही. व्रत मोडले तर गावाखालचा कडा कोसळेल, असे गावचे पुढारी सांगत आणि तिच्याकडूनच दुसरा ग्लास भरून घेत.

धाकलूंची पणजी ठकू बारमध्ये झऱ्याचे पाणी भरायची. एका दुपारी भरल्या बारमध्ये तिने हंडा खाली ठेवला आणि फळी उचलून धरली.

“नीघ बाय. हात भरून यायच्या आत नीघ.”

सेवेरिना कोणाकडे न पाहता घाट उतरून गेली. कडा जागचा हलला नाही.

ती पुढे कुठे गेली, असे मी धाकलूंना विचारले.

“सात वर्षं तिला कुणी इचारलं न्हाई, ‘बाई, तुला कुठं जायचंय?’” ते म्हणाले. “आता इचारून काय करता, पेपरवाले?”

बाहेर गावाने पाटी लावली आहे, ‘पतिव्रतेचा बार’. ठकूचे नाव पाटीवर नाही. पण आजही सकाळी पहिले गिऱ्हाईक फळी उचलून धरते. मालक आधी बाहेर येतो, उंबऱ्यापर्यंत जातो, घाटाची वाट मोकळी आहे का पाहतो. मगच आत परतून ग्लास भरतो.