बिनसावलीची पाळी

बसा मंडळी, बसा. किल्ला झाला, उंटांचा बाजार झाला, खजुराच्या बागांतून पायपीट झाली. पाय बोलायला लागले असतील. तुमच्या या गाइडचे तर कधीचे बोलताहेत, पण ऐकतो कोण! आता एवढा खुंट बघा आणि मग खुशाल गाडीत जाऊन झोपा.

हा खुंट म्हणजे ऐन सिद्रा गावचं जुनं घड्याळ. डोंगरातून जमिनीखालून आणलेला पाण्याचा पाट इथे उघड्यावर येतो आणि बागांना वाटला जातो. भोवतीचा एकेक दगड एकेका बागेचा. खुंटाची सावली ज्याच्या दगडाला टेकली, त्याची पाण्याची पाळी. आणि सावली पुढच्या दगडाला टेकल्याशिवाय आदल्याच्या बागेकडे पाणी सोडणारं दार बंद करायचं नाही. असा कायदा. कुणी केला म्हणून विचारू नका, इथेही कुणाला ठाऊक नाही.

हा उत्तरेकडचा दगड भर दुपारचा. असं सांगतात, की फार पूर्वी तो मौझा नावाच्या विधवेचा होता. नवऱ्याने लावलेल्या खजुरीच्या चार झाडांखेरीज तिला जगात काही नव्हतं. ती झाडं मरू देणार नाही, असा शब्द तिने त्याच्या उशाशी बसून दिला होता. हिवाळ्यात तिचं ठीक चाले. पण ऐन उन्हाळ्यात इथे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. सावली आखडत आखडत खुंटाच्या बुडाशी गोळा होते, मौझाच्या दगडाला शिवतच नाही. थोड्या वेळाने निघते ती पलीकडच्या दगडाकडे. झाडांना पाणी हवं नेमकं तेव्हा बाईची पाळीच गायब! तिचं पाणी जाई आदल्या बागेत, खलफानच्या. खलफान दुष्ट नव्हता हो. दार उघडं राहायचं, पाणी यायचं, तो कशाला तक्रार करतोय?

पाटकरी हमूद, म्हणजे सावली बघून दारं उघडणारा म्हातारा. मौझा रोज दुपारी त्याच्यापुढे उभी राही.

"हमूदचाचा, माझी झाडं जळताहेत."

"दिसतंय गं पोरी. पण सावली दाखव, दार उघडतो."

पिण्यासाठी घरटी एक घडा मिळे. म्हणे, त्यातला अर्ध्याहून अधिक ती झाडांच्या बुडाशी ओती आणि उरलेल्या घोटांवर दिवस काढी. रात्री झाडांच्या राखणीला बसावं, पहाटे घडा वाहावा, दुपारी हमूदच्या विनवण्या कराव्यात. बाई इतकी दमली, की दमल्याचं सांगायचंही त्राण तिच्यात उरलं नाही. एकेक झावळी वाळून खाली लोंबू लागली, तशी तिची आशाही सुटत चालली.

अशाच एका दुपारी ती आली. दगडापाशी पोचली आणि तिचे गुडघे मोडले. दोन्ही हात दगडाच्या दोन बाजूंना टेकून ती ओणवी राहिली, डोक्यावरची ओढणी पुढे लोंबली.

हमूद धावला आणि जागीच थांबला. दगडावर सावली पडली होती.

त्याने मुकाट्याने खलफानचं दार बंद केलं आणि मौझाचं उघडलं. पाणी खळखळत तिच्या बागेकडे वळलं. खलफान ओरडत आला, "अरे, ही कसली सावली? ही तर बाईची!"

"दगडावर पडलीय की नाही, तेवढं सांग. खुंटाची नाही, म्हणून पडलीय तेवढाच वेळ पाणी तिचं," हमूद म्हणाला.

 आरडाओरडा ऐकून जमलेल्या बायका मौझाला उचलायला पुढे झाल्या आणि थबकल्या. कायदा कायदा म्हणून जन्म काढलेली माणसं ती. सावली हलली की दार बंद, हे त्यांनाही कळत होतं आणि तिलाही. तिचे ओठ फुटले होते. ती पुटपुटली, "मला उठवू नका. पाणी शेवटच्या झाडापर्यंत जाऊ दे."

 उचलावं तर झाडं जातात, ठेवावं तर बाई जाते. हमूद रडायला लागला. बायका खलफानकडे बघू लागल्या, आणि तो जमिनीकडे. मग एकदम त्याने अंगातला झगा ओरबाडून काढला, दोन्ही हातांनी दगडावर ताणून धरला आणि खेकसला, "बघत काय बसलात? उचला तिला! सावली मी धरतो."

तिला तिच्याच झाडांखाली नेऊन निजवलं, तोंडावर पाणी मारलं. ती जगली, असं सांगतात. दुसऱ्या दुपारी भिंती धरत धरत इथवर आली, तर खलफान आधीच झगा पसरून उभा, घामाने निथळत. तिला बघून वैतागलाच. "आता कशाला आलीस? जा घरी. झोप जरा."

आता पंपही आलेत आणि मनगटावरची घड्याळंही. पण आजही उन्हाळ्यात भर दुपारी खलफानच्या घराण्यातला कुणीतरी येतो आणि या दगडावर कापड धरून उभा राहतो. वरचं ऊन सोसत नाही, हात भरून येतात, तरी सावली पुढच्या दगडाला टेकेपर्यंत तो ते खाली घेत नाही. मौझाच्या घरचं मात्र तेव्हा इथे कुणी फिरकत नाही. ती सगळी गाढ झोपलेली असतात.