कबरस्तानातला चहा

"पण बाबा, मेलेल्या माणसाला हक्क असतो तरी कसा?"

विचारणारे होते प्राध्यापक उपळेकर. मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावर त्यांची जाडजूड पुस्तकं आहेत. कबरस्तानाच्या फाटकाशी दगडावर बसून ते सांगत होते, की हल्ली जगभरच्या पंडितांत याच गोष्टीवरून जुंपली आहे. परक्या किनाऱ्यावर वाहून आलेली बिननावाची माणसं... त्यांचा आपल्यावर काही हक्क उरतो का? प्राध्यापकांचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं. हक्क सांगायला माणूस जिवंत लागतो.

हसनबाबा आत, थोड्या अंतरावर चुलीवर चहा ढवळत होते. खाडीत सापडलेली बेवारस प्रेतं तेच पुरतात, म्हणून तर प्राध्यापक त्यांना भेटायला आले होते.

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. माझा भाई, इद्रिस, गेल्या महिन्यात आखातात बोटीवरून पडला. तिकडेच कुठेतरी बिननावाचा पुरला, एवढंच कळलं. त्याचा शर्ट मी अजून अंगातून काढला नव्हता.

मी उठलो आणि प्राध्यापकांची कॉलर धरली.

"सोड रे मुनीर," बाबा म्हणाले. "इस्त्री मोडेल त्यांची."

आधी प्राध्यापकच हसले. मग मलाही हसू फुटलं. भाई गेल्यावर पहिल्यांदाच.

बाबांनी चहा ओतला आणि हाक मारली. "या साहेब. सरळ इकडे या, निवतोय."

मधे मोकळी जमीन होती. ना दगड, ना नाव. नुसता मातीचा उंचवटा.

प्राध्यापक तरातरा निघाले. उंचवट्यापाशी थबकले. मग चिंचेला वळसा घालून गवतातून आले. पँट कुसळांनी भरली.

"सरळ वाट होती की," बाबा म्हणाले.

"तिथे... कुणीतरी आहे ना?"

बाबांनी बशी पुढे केली.

प्राध्यापक बशी धरून तसेच उभे राहिले. "ही रीत झाली बाबा. हक्क नव्हे."

"असेल. कुसळं काढा आधी, टोचतील."

प्राध्यापक वाकून कुसळं काढू लागले. एकीकडे त्या उंचवट्याकडे बघत होते. चहावर साय धरली.

माझ्याच्याने राहवेना. "बाबा, माझ्या भाईला तिकडं कोण विचारणार?"

बाबांनी माझा कप काठोकाठ भरला...

"तिकडची माणसंही चहाला जाताना वळसा घालूनच जात असतील, मुनीर."